मुठीतला अंगठा

प्रिय धाकट्या,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. ताई रागावली आहे का, असं तू आईला विचारलंस म्हणे. आई मला म्हणाली, काहीतरी कळव गं त्याला, पोराचा जीव टांगणीला लावू नकोस. पोर म्हणे! पोराच्या कानशिलावरचे केस पिकले, तरी आईच्या लेखी तू पोरच, आणि मी मात्र जन्मले तीच चाळिशीची. तर कळवते. फोनऐवजी पत्र, कारण फोनवर तू हसतोस, आणि तू हसलास की माझा राग विरघळतो, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. दुपारची वेळ आहे, आई आतल्या खोलीत झोपली आहे, मी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून लिहायला बसले आहे. तुला माहीत असलेल्या गोष्टीही यात येतील. येऊ देत. सगळं एका जागी, ओळीनं लिहिलेलं बरं. आणि हे पत्र तुझ्या हातात पडायला जरा वेळ लागेल. का, ते शेवटी सांगते.

विषय आपल्या बाहुली मंडळाचा आहे. तिथल्या दारातून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, याचा. मंडळ मी काढलं ते निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून. वाचनालयाच्या मागचा तो लांबट हॉल, दोन टोकांना दोन खिडक्या, मध्ये कुणी न वापरलेली टेबलं. शनिवारी सकाळी मुलं यायची, जोडीदार हरवलेले मोजे, दोऱ्याची रिकामी रिळं, तुटकी बटणं घेऊन बाहुल्या करायची, आणि महिन्याच्या अखेरीला टेबलावर चादर टाकून त्यामागं बसून खेळ करून दाखवायची. पालक समोरच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायचे. यात कधी पोलिसांचा संबंध येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि मग मंडळाच्या समितीत त्या वकीलबाई आल्या.

वकीलबाई तुला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. मलाही नाही आवडल्या, खोटं कशाला बोलू. वय माझ्या निम्मं, केस करकचून बांधलेले, आणि कोणतीही गोष्ट सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची सवय. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची, पगार घेवो न घेवो, पडताळणी झालीच पाहिजे. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, नात्यातली नसलेली दोन माणसं हमी द्यायला, आणि पूर्वी कुठं मुलांना शिकवलं असेल तर तिथल्या कुणाचा तरी शब्द. वर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. शिवाय मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, हॉलचं दार सताड उघडं ठेवायचं, कुणाला वेगळी भेटवस्तू द्यायची नाही, मुलांशी गुपितं करायची नाहीत. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. या भागातल्या निम्म्या पोरांची शेंबडं नाकं मी पुसली, आणि माझ्या चारित्र्याचा दाखला आता चौकीवरचा पोरगा देणार! गेले मात्र. बोटांचे ठसे देताना तो पोरगा म्हणाला, आजी, कधी काही गुन्हा वगैरे? मी म्हटलं, अजून नाही रे, पण तू आणखी तासभर बसवून ठेवलंस तर आजच करीन.

खरं सांगायचं तर संशय घेण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. सगळी नोकरी बस डेपोत, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर गेली. छत्री माझीच म्हणत येणाऱ्याला मी छत्री दाखवायची नाही, आधी विचारायची, दांडा कसा आहे, बटण कुठल्या बाजूला आहे. ज्याची खरोखर हरवलेली असते तो थांबतो, आठवतो, चुकतो, पुन्हा आठवतो. आणि ज्याचा नुसता डोळा असतो त्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असतं. हे मी नव्या कारकुनांना शिकवत आले. माझ्या खिडकीवरून बनवाबनवी करून कुणी काही नेलं असं फारसं घडलं नाही. तर अशी मी, आणि मलाच वकीलबाई संशय कसा घ्यायचा ते शिकवणार होत्या.

पडताळणीची बातमी आली आणि पहिला धक्का दिला शिंपीकाकांनी. कोपऱ्यावरच्या दुकानातले आपले शिंपीकाका, बाहुल्यांचे इवलेसे कोट शिवायचे, तेच. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची. ते शांतपणे म्हणाले, मला हे जमायचं नाही हो ताई. बस्स. कारण नाही, वाद नाही, ताकास तूर लागू दिली नाही. मग काय, कुजबुज सुरू झाली. हा माणूस इथला नाही, बायको-मुलं कधी कुणी पाहिली नाहीत, आधीचं दुकान सोडून का आला कोण जाणे. माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी त्यांच्याकडे शिवायला टाकलेला झगा अर्धवट होता तसा परत आणला. त्यांनी कापडाची घडी घातली, पिशवीत भरली, आणि उरलेला दोराही सोबत दिला. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी ते हॉलच्या दाराबाहेरच्या स्टुलावर कोटांची पिशवी ठेवतात, मला हाक मारतात आणि उंबऱ्याला पाय न लावता निघून जातात. मुलं खिडकीतून हात हलवतात, ते रस्त्यावरून हात वर करतात. काहीतरी पाणी मुरतंय तिथं, असं मला आजही वाटतं. माझा संशय काही गेलेला नाही.

तू मात्र याच्या अगदी उलट. तू इतक्या वर्षांनी गावात परत आलास, बाजारामागं खोली घेतलीस, दिव्यांच्या दुकानात कामाला लागलास, आणि पहिल्याच आठवड्यात म्हणालास, ताई, तुझ्या बाहुल्या अंधारात नाचतात गं, मी त्यांना उजेड देतो. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू! आई तर दिवसभर गात होती, बेसूर का होईना. दाखल्यासाठी सगळ्यात आधी तूच चौकीवर गेलास, तुझाच दाखला सगळ्यात आधी आला, आणि अगदी स्वच्छ आला. मी तो वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला तेव्हा माझी मान अशी ताठ होती की विचारू नकोस. शिंपीकाकांच्या नावानं नाक मुरडणाऱ्या बायकांना मी दोनदा ऐकवलं, माझ्या भावाचं बघा, काही लपवायचं नसलं की माणूस असा वागतो. आणि मुलांना तर तू म्हणजे काय वाटायचास! रंगीत कागद लावून तू मोज्याच्या राक्षसाला हिरवा केलास तेव्हा मागच्या रांगेतले पालकसुद्धा दचकले होते.

तू शिडीवर चढून दिवे लावायचास आणि मला आपला आरसा आठवायचा. बाबांचा दाढीचा आरसा, तू खुर्चीवर चढून खाली पाडलास तो. तू तेव्हा एवढासा होतास, मी चांगली जाणती. आई कामावरून आली, तुकडे पाहिले, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि तू माझ्याकडे बघून अंगठा मुठीत घातलास आणि मूठ गुडघ्यावर दोनदा हळूच आपटलीस. तुझं तुलाच सुचलेलं ते. मीही तसंच केलं. आईला सांगितलं मांजरानं पाडला. त्यानंतर ती आपली खूणच झाली. जेवायला बसलो की टेबलाखाली मुठी आपटायच्या आपल्या. फुटलेली बरणी, शाळेला मारलेली दांडी, शेजाऱ्यांच्या खिडकीत गेलेला चेंडू. अर्थ एकच, आईला सांगायचं नाही. बाबा गेले, त्यांना ती खूण कधी कळली नाही. आईलाही नाही. या जगात ती खूण फक्त तुला आणि मला माहीत होती, आणि त्या गोष्टीचं मला इतकी वर्षं केवढं कौतुक होतं!

पण वकीलबाईंनी एक प्रश्न लावून धरला. तू त्या आधीच्या गावात मुलांना गाणं शिकवायचास, तर त्या वर्गातल्या कुणाचा शब्द हवा. तू म्हणालास, तो वर्ग केव्हाच बंद पडला, आता विचारायला कुणी उरलं नाही. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. माझं डोकं फिरलं. माझ्या भावावर संशय? मग मीच पुढाकार घेतला. बाईंचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून त्या वर्गाचा नंबर हुडकला आणि हॉलमधूनच फोन लावला. वाटलं, बंद पडल्याची टेप वाजेल आणि मी फोन वकीलबाईंच्या कानाला लावीन. पण पलीकडं एका बाईंनी फोन उचलला, आणि त्यांच्या मागं पोरं गात होती. टाळ्यांचा ठेका धरून, मोठ्यानं, एकदोन बेसूर आवाजांसकट. मी तुझं नाव सांगितलं. कुठलं तरी दार लोटल्याचा आवाज आला आणि गाणं दबलं. त्या म्हणाल्या, ते आता आमच्याकडं नसतात, आपण कोण? मी म्हटलं, बहीण. त्यावर त्या म्हणाल्या की तुमच्याशी मला यावर बोलता येणार नाही, तुमच्या समितीनं लेखी विचारलं तर लेखी कळवू. आवाज वाईट नव्हता रे. कीव आल्यासारखा होता. तेच मला लागलं.

संध्याकाळी मी तुला विचारलं. आठवतं? तू बल्ब पुसत होतास. माझं वाक्य पुरतं व्हायच्या आत तू म्हणालास, अगं त्याच जागेत दुसऱ्या कुणीतरी नवा वर्ग काढला असेल. आणि हसलास. खिडकीवर बसून जे मी नव्या कारकुनांना शिकवत आले, ते त्या क्षणी माझ्या कानात कुणीतरी ओरडून सांगत होतं. तरी मी म्हटलं, हो, तसंच असेल. दुसऱ्या दिवशी मात्र तो नंबर वकीलबाईंना देऊन टाकला. म्हटलं, तुम्हीच विचारा बाई लेखी. त्यांनी अट घातली की उत्तर येईपर्यंत तू माझ्या नजरेसमोरच काम करायचं. तू त्यावरही विनोद केलास, माळ्यावर मांजर गेली तर तिचाही दाखला मागणार का. पोरं खदखदून हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. पण तेव्हापासून मी बघायला लागले होते, धाकट्या. डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि देवाला म्हणत होते की मला काही दिसू देऊ नकोस.

आणि प्रशिक्षणाला आपण शेजारी शेजारी बसलो होतो. त्या शिकवणाऱ्या बाई अगदी बारीक आवाजात बोलत होत्या, मला तर झोपच येत होती. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती डोक्यात राहिली. म्हणाल्या, मुलांना त्रास देणारा माणूस दाराआडून उडी मारत नाही. तो आधी सगळ्यांचा लाडका होतो. मग एखादं मूल हेरतो, ज्याचे आईवडील कामात बुडालेले असतात असं. मग छोटीशी भेट, मग छोटंसं गुपित. गुपित टिकतं का ते बघतो, टिकलं की मोठं गुपित. तू माझ्या कानात म्हणालास, काय घाणेरडी डोकी असतात ना लोकांची. मी मान हलवली.

आता भिंगरीचं. तू तिला भिंगरी म्हणायला लागलास आणि सगळ्यांच्याच तोंडात ते बसलं. एका जागी न ठरणारी, पुढचे दोन दात नुकते आलेली, बाहुलीच्या डोळ्यांना एक बटण लाल आणि एक निळं लावणारी पोर. तिची आई दवाखान्यात नर्स, पाळ्या बदलत्या, न्यायला नेहमी उशीर. तू म्हणायचास, तिला मी तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडतो, माझ्या वाटेवरच आहे. दाराच्या आतले नियम दाराबाहेर कुठं लागू होतात! मीच म्हणायची, सोड बाबा. हल्ली पोर गिरकी घेईनाशी झाली होती. एका जागी बसायची. मी म्हटलं, मोठी व्हायला लागली.

त्या शनिवारी तिच्याकडं बोटाएवढा टॉर्च होता. नवा कोरा, तुझ्या दुकानात कॅशजवळ टांगलेले असतात तसला. मी शेजारी बसून मोज्याला कान शिवत होते. सहज विचारलं, अगं, छान आहे गं, कुणी दिला? माझ्याकडं बघितलं नाही तिनं. वर बघितलं, तू शिडीवर बल्ब बदलत होतास तिकडं. आणि मग तिचा हात मांडीवरून गुडघ्याशी गेला. अंगठा मुठीत गेला. मूठ गुडघ्यावर दोनदा हळूच आपटली. आणि तू, ताईचं लक्ष शिवणात आहे असं समजून, वरून तिच्याकडं बघत शिडीच्या पायरीवर मूठ दोनदा टेकवलीस.

सुई माझ्या बोटात पार आत गेली होती, ते मला बऱ्याच वेळानं कळलं. दुसऱ्या कुणी ते पाहिलं असतं तर म्हणाला असता, पोर खेळतेय. वकीलबाईंनी पाहिलं असतं तरी त्यांना काही कळलं नसतं. पोलिसांच्या कुठल्याच दाखल्यात ते येणार नव्हतं. ती खूण ओळखणारी एकच बाई जगात होती आणि ती मी होते. तू ती तिला शिकवलीस, धाकट्या. आईला सांगायचं नाही, हे तू त्या पोरीला शिकवलंस. आपल्या घरातली वस्तू होती रे ती.

मी तुला दुकानात पिटाळलं, जाड सुतळी आण म्हणून. सुतळी कपाटात होती. मग भिंगरीच्या शेजारी जाऊन बसले, दार सताड उघडं ठेवून. प्रशिक्षणात सांगितलं होतं की प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, नुसतं थांबायचं आणि ऐकायचं. जन्मभर प्रश्न विचारून लोकांचा घाम काढलेली मी, पहिल्यांदाच गप्प बसले आणि बटणं निवडत राहिले. बऱ्याच वेळानं तीच बोलली. म्हणाली, हा न सांगायचा खेळ आहे. रविवारी आई कामावर गेली की काकांच्या खोलीवर दिवे बघायला जायचं आहे, कुणाला सांगितलं नाही तर मोठा रंग बदलणारा दिवा मिळणार आहे. मग थोड्या वेळानं म्हणाली, मला नाही आता खेळायचा तो खेळ, पण मी सांगितलं तर काका रडतील. तिच्या खांद्यावर तेवढं ओझं टाकलं होतंस तू. ती तुझीच काळजी करत होती.

तू सुतळी घेऊन आलास तेव्हा, आज भिंगरीला मी सोडते म्हणून तुला घरी पाठवलं, आणि तिची आई येईपर्यंत मी त्या पोरीचा हात सोडला नाही. आई आली ती दवाखान्याच्या कपड्यांतच, दमून गेलेली, उशीर झाला म्हणून माफी मागत. मी तिला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं नुसतं विचारलं, तुमचा भाऊ ना तो? मी म्हटलं, हो, माझा भाऊ. मग वकीलबाईंना बोलावलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, बघा, मी सांगत होते ना. त्यांनी माझ्या बोटाला पट्टी बांधली आणि बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी, ज्या रविवारी तू वाट बघत बसणार होतास त्याच रविवारी, तिथल्या अधिकारीबाई माझ्याकडं आल्या. त्यांनी मला ती खूण करून दाखवायला सांगितली. मी टेबलाशी बसून करून दाखवली, अंगठा मुठीत, गुडघ्यावर दोनदा. म्हातारपणी, परक्या बाईसमोर. त्यांनी विचारलं, ही आणखी कुणाला ठाऊक आहे? मी म्हटलं, आम्हा दोघांनाच, आणि आता त्या पोरीला.

त्या गावच्या गाण्याच्या वर्गातल्या बाईंशीही अधिकारीबाई फोनवर बोलल्या. बाहेर जिन्यात उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आत आल्या आणि म्हणाल्या, थोडं पाणी द्याल का. दाखला स्वच्छ होता, याचा मी आता रोज विचार करते. कुणी तक्रारच केली नाही तर दाखल्यावर येणार काय? तिथंही एखादी मूठ मिटलेलीच राहिली असेल. ते मूल कोण, कुठं आहे, आता केवढं झालं असेल, मला काही माहीत नाही, पण भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना ते माझ्या शेजारी येऊन बसतं. तू म्हणशील, ताई, एका टॉर्चवरून एवढं? मी तुझ्या बाजूनं खूप भांडले रे स्वतःशी. तो एकटा आहे, पोरांत रमतो, त्याला स्वतःचं मूल नाही, दिवेच दाखवणार होता. सगळं बोलून झालं. पण मग तिच्या आईला का सांगायचं नव्हतं, इथं येऊन माझं प्रत्येक भांडण संपतं. याचं उत्तर तू त्यांना दे. आणि एकदा तरी थांबून, आठवून दे. माझा जीव तुटतो तुझ्यासाठी, हे खोटं नाही. पण भिंगरीसाठी जास्त तुटतो, हेही खरं आहे, आणि ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

परवाच्या शनिवारी मंडळ भरलं, तुझ्याशिवाय, कारण लेखी उत्तर येईपर्यंत तू येऊ नकोस असं वकीलबाईंनी तुला कळवलं होतं. शिंपीकाका दाराशी पिशवी ठेवून निघाले तेव्हा मी बाहेर जाऊन त्यांना चहा दिला. आत नाही घेतलं. ते त्यांनाही कळलं, त्यांनी उभ्याउभ्याच प्याला आणि कप स्टुलावर ठेवला. त्यांना कसला दाखला नको आहे ते मला माहीत नाही. पण नियम सांगितल्यावर ते बाहेर थांबले, आणि तू दाराबाहेरचा रस्ता शोधलास. भिंगरी आली नव्हती. तिची लाल-निळ्या डोळ्यांची बाहुली मी खिडकीत ठेवली आहे, ती येईल तेव्हा तिला दिसेल अशी.

थांबते जरा, आई उठली आहे, हाक मारते आहे.

आले. आता शेवटचं. अधिकारीबाईंनी मला तुझ्याशी फोनवर बोलायला आणि भेटायला मनाई केली आहे. काही सांगायचंच असेल तर लिहून माझ्याकडे द्या, पाकीट न चिकटवता, म्हणाल्या. म्हणून हे उघडं पत्र. त्या आधी वाचतील, आणि तुझ्याशी त्यांचं बोलणं झाल्यावरच ते तुला मिळेल. तेव्हा तू हे वाचतो आहेस याचा अर्थ ती माणसं तुझ्या खोलीवर येऊन गेली आहेत. त्यांना तुझ्याकडं कुणी पाठवलं, असा विचार करत तू एकेका माणसावर संशय घेत बसशील. वकीलबाईंवर घेशील, त्या नर्सवर घेशील, शिंपीकाकांवरही घेशील. नको घेऊस. मी पाठवलं. तुझं नाव मी सांगितलं, तुझा पत्ता मी दिला, आपली खूण मी दाखवली. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. आत्ता आई उठून बसली आणि तिनं विचारलं, धाकट्याला कळवलंस का गं, काय लिहिलंस एवढं? माझा हात आपोआप गुडघ्याशी गेला. इतक्या वर्षांची सवय. मग मी तिच्या पलंगावर बसले, तिचा हात हातात घेतला, आणि आरशापासून सुरुवात करून सगळं, धाकट्या, आईला सांगितलं.

तरीही तुझीच,
ताई